काकूंसोबत चिखलदऱ्याला

चिखलदऱ्याला जायचं तर पावसाळ्यात, असं नागपुरात कोणीही सांगेल. धुकं असतं, धबधबे असतात, हातात गरम भुट्टा असतो. आम्ही गेलो जानेवारीत. तेव्हा धुकं सरलेलं असतं आणि धबधबे सुकून दोरीएवढे झालेले असतात. त्यातून आम्ही मैत्रिणीच्या आईला सोबत घेऊन गेलो. परत आल्यापासून कॉलेजात कोणी विचारलं की मी "छान झाली ट्रिप" एवढंच सांगते. ते खोटं नाही, पण त्यात काहीच सांगून होत नाही. म्हणून हे नीट लिहून काढते आहे.

आम्ही तिघं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहोत. मी नागपूरच्या महाल भागातली, माझे बाबा कचेरीत कारकून आहेत. प्रज्वल नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला, इथे खोली करून राहतो. तिसरी स्नेहल. तिचं घर हिंगणा रोडला, वडील तिकडच्याच एका कारखान्यात. या वर्षानंतर कोण कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून एकदा तिघांनी मिळून कुठेतरी जायचं असं बरेच दिवस घाटत होतं. यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली आणि शनिवारपासून सलग सुट्टी मिळाली. मी पचमढी म्हटलं. प्रज्वलनेही मान डोलावली.

"चिखलदऱ्याले जाऊ," स्नेहल म्हणाली.

स्नेहलचा मोठा भाऊ तुषार दोन पावसाळ्यांपूर्वी मित्रांबरोबर मोटरसायकलवर चिखलदऱ्याला गेला होता. तिथल्या एका डोहात पोहायला उतरला आणि बुडाला. तेव्हापासून तिच्यासमोर त्या गावाचं नाव आम्ही कधी काढलं नव्हतं.

"मले ते ठिकाण पाहायचं आहे," ती म्हणाली. "एकटीनं जायची हिंमत होत नाही. तुम्ही असाल तं जाईन."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा तिची आई पोळ्या लाटत होती. आईने हातातली पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मग मीबी येते."

कॉलेजच्या ट्रिपला कोणाची आई येते का, असं एरवी आम्ही म्हटलं असतं. या वेळी कोणी म्हटलं नाही. माझ्या घरी तर काकू येणार म्हटल्यावर एका शब्दात परवानगी मिळाली. आजीने फक्त विचारलं, "त्या माउलीला तिथे नेणं बरं का?"

शनिवार, नागपूर ते परतवाडा

सकाळी गणेशपेठच्या स्टँडवर लाँग वीकेंडची गर्दी होती. स्नेहलचे बाबा मोटरसायकलवर आधीच येऊन थांबले होते. बस फलाटाला लागायच्या आत त्यांनी खिडकीतून रुमाल, पिशवी, जे हाताला लागलं ते टाकून आमच्यासाठी जागा धरल्या. काका मुळातच कमी बोलणारे. तुषारला आणायला तेव्हा तेच गेले होते, त्यांच्या धाकट्या भावाला घेऊन. स्नेहलने त्यांना सोबत चला म्हटलं होतं. "मी पाह्यलं एकदा," एवढंच ते म्हणाले होते.

बस सुटताना ते खिडकीशी आले आणि प्रज्वलला म्हणाले, "पाण्याजवळ कोणाले जाऊ देऊ नको गा."

"नाही जाऊ देत, काका," प्रज्वल म्हणाला.

मला काकूंची भीती वाटत होती, म्हणजे त्यांच्याशी काय बोलावं याची. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या घरी गेलं की त्या चहा आणून ठेवत आणि आत निघून जात. पण कोंढाळी मागे पडली तशा त्या बसमध्ये सैल होऊन बसल्या. डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा झुणका, तळलेल्या मिरच्या. आम्हाला वाढून झाल्यावर पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवराबायकोलाही दिलं. म्हातारीने आपली दोन बोरं काढून काकूंच्या हातावर ठेवली. आमच्या घरी प्रवासात परक्याचं काही खायचं नाही अशी शिकवण. इथे सगळा बाक एकमेकांचं खात होता.

अमरावतीला बस बराच वेळ थांबली. प्रज्वलने पळत जाऊन गिला वडा आणला. दह्यात बुडालेला वडा द्रोणातून सांडत होता, आणि गाडी हलली तसा माझ्या ओढणीवर सांडला. काकू हसल्या. त्यांना हसताना पाहून स्नेहलने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

अमरावतीनंतर स्नेहलला डोळा लागला. काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुले नवल वाटत असन, ही बाई काहून आली म्हणून."

मी नाही म्हटलं.

"मले कोणी नेलंच नाही वं तिथं," त्या म्हणाल्या. "सकाळी फोन आला न माणसं निघून गेली. दुसऱ्या दिवशी दाराशी गाडी आली. पोट्टा झाकून आणलेला. तोंड पाहू दिलं न लगेच घाटावर नेला. बाया घाटावर जात नाही आमच्यात. तो कुठं पडला होता, कोणं उचलला, कोण होतं जवळ, मले काहीच माहीत नाही. स्नेहलच्या बाबाले विचारलं तं ते उठून बाहेर जाते. मी किती वेळा विचारू?"

आमच्यातही बायका घाटावर जात नाहीत. आजोबा गेले तेव्हा मी आणि आई दारातच थांबलो होतो, आणि ते मला तेव्हा चमत्कारिक वाटलं नव्हतं.

घाट

परतवाड्याला बस बदलली. दुसरी गाडी जुनी होती. सपाटीवर बरी चालली. घाट लागल्यावर इंजिनातून वाफ यायला लागली आणि एका वळणावर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. कंडक्टर म्हणाला, "उतरा थोडा वेळ. गाडीले पाणी पाजतो."

सगळे उतरले. हवा गार झाली होती. उताराच्या बाजूला सागाची झाडं, पानं वाळून तांबडी झालेली, आणि खाली दूरवर सपाट मुलूख उन्हात पसरलेला. कोरकू आदिवासी बायका डोक्यावर मोळ्या घेऊन एकामागे एक चढत होत्या. त्यांच्यातल्या कोणीही आमच्याकडे वळून पाहिलं नाही. प्रज्वल त्यांचे फोटो काढणार होता, मग त्याने मोबाइल खिशात ठेवला.

थोड्या वेळाने स्नेहल म्हणाली, "आई कुठं आहे?"

काकू बसमध्ये नव्हत्या. गाडीच्या मागे नव्हत्या. स्नेहल रस्त्याने पळत सुटली. मी तिच्या मागे. वळण ओलांडल्यावर काकू दिसल्या. दरीच्या बाजूच्या कठड्यावर बसल्या होत्या, पाय रस्त्याकडे, आणि समोर मोळी टेकवून उभ्या असलेल्या एका बाईशी बोलत होत्या. स्नेहलने जाऊन त्यांचा दंड घट्ट धरला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"सांगून जात जा ना."

काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग सावकाश म्हणाल्या, "घाबरली काय वं? मी कुठं जाऊन नाही राहिली. गाडीत जीव गुदमरला म्हणून चालली चार पावलं."

बसकडे परत येताना स्नेहल मला म्हणाली की तुषार गेल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात आई एकदा म्हणाली होती, मलाही त्याच पाण्यात जाऊ द्या. तेव्हापासून घरात ती आईला एकटं सोडत नाही. कॉलेज संपलं की ती सरळ घरी का जाते, हे मला त्या दिवशी कळलं. "मी तिले सोबत आणलं न मलेच आता समजून नाही राहिलं की मी बरं केलं का," ती म्हणाली.

मी तिचा हात धरून चालत राहिले.

चिखलदरा

वर पोचलो तेव्हा गाव गाड्यांनी भरलं होतं. नागपूर, अकोला, अमरावतीच्या नंबरच्या मोटारी, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या, लहान मुलांसाठी उंट. लॉजवाल्याने आम्हाला एकच मोठी खोली दिली. प्रज्वलने आपलं अंथरूण बाहेरच्या बंद व्हरांड्यात टाकलं. पाणी इतकं थंड होतं की हात धुवून बोटं बधिर झाली.

मला वाटलं होतं काकू आराम करतील. त्या चेहरा धुवून, शाल घेऊन उभ्या राहिल्या. "त्यानं काय काय पाह्यलं ते पाहू आधी," म्हणाल्या.

तुषारने तेव्हा आदल्या दिवशी इथून घरी काही फोटो पाठवले होते. काकूंना ते पाठ होते. गवळ्याच्या दुकानासमोर हातात रबडीचा द्रोण घेऊन उभा असलेला एक होता. आम्ही तसं दुकान शोधलं. तेच होतं की दुसरं, सांगता येत नाही. इथे खवा-रबडीची दुकानं बरीच आहेत. काकूंनी रबडी घेतली, सगळी खाल्ली. "गोड लय आहे," म्हणाल्या. "त्याले असंच आवडे."

दुसरा फोटो एका पॉइंटवरचा. लोखंडी कठड्याला टेकून तुषार हसतो आहे, केस ओले, आणि त्याच्या मागे नुसतं पांढरं. तो कठडा सापडला. ऊन उतरत होतं. कठड्यापलीकडे दरी उघडी होती, एकामागे एक डोंगर, मधल्या खोलीत जंगल, आणि तळाशी चमकणारी पाण्याची रेघ. लोक सेल्फी काढत होते. काकू दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभ्या राहिल्या.

"त्याले यातलं काहीच दिसलं नसन," त्या म्हणाल्या. "धुकं होतं."

त्या दरीकडे बघत होत्या ते काहीतरी लक्षात ठेवायला बघावं तसं. सूर्य बुडाला, लोक पांगले, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी स्नेहलने शाल त्यांच्या डोक्यावरून घेतली आणि त्यांना वळवलं.

रविवार, डोहाकडे

डोह गावापासून लांब आहे. सकाळी एक जीप ठरवली. जीपवाल्याने आम्हाला एका कोरकू वस्तीपाशी सोडलं आणि खाली उतरणारी पायवाट दाखवली. वाटेच्या तोंडाशी पोहण्यास मनाई असल्याची पाटी होती, आणि एका झोपडीपुढे चहाचं दुकान. चुलीपाशी चाळिशीची एक बाई बसली होती. तिने आमच्याकडे बघून मान हलवली, बस.

काकू पायवाटेकडे वळल्या तशी स्नेहल जागच्या जागी थांबली.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"आपण याच्यासाठीच तं आलो," मी म्हटलं.

"माहीत आहे. माझ्यानं होत नाही."

काकूंनी तिला आग्रह केला नाही. मला म्हणाल्या, "तू बस तिच्याजवळ," आणि प्रज्वलचा हात धरून उतरू लागल्या. पण काकूंना एकट्याने कसं सांभाळू अशा नजरेने प्रज्वल मागे वळून माझ्याकडे बघत होता. तेव्हा मी स्नेहलला दुकानाच्या बाकावर बसवलं आणि त्यांच्या मागे गेले.

वाट दगडांची होती. काकूंची चप्पल सटकत होती म्हणून त्यांनी ती हातात घेतली. बांबूची बेटं ओलांडली आणि समोर डोह आला.

मी दोन वर्षं मनात जे पाणी बघत होते ते काळं आणि अफाट होतं. हे तसं नव्हतं. उभ्या कातळावरून पाण्याची एक बारीक धार खाली येत होती, आवाजही न करता. खालचं पाणी हिरवट, स्वच्छ. काठाजवळचे दगड दिसत होते. मधोमध मात्र तळ दिसत नव्हता. एका टोकाला गुरं पाणी पिऊन गेल्याच्या खुणा होत्या.

"एवढंसं?" काकू म्हणाल्या.

प्रज्वलने त्यांचा हात अजून धरलेला होता.

"एवढंसंच पाणी? एवढ्याशात जातो का गा माणूस?" त्या प्रज्वलला विचारत होत्या.

"पावसाळ्यात लय असते, काकू," तो म्हणाला. "आमच्या गावचा नालाबी असाच आहे. आता पाय भिजत नाही न तेव्हा बैल वाहून जाते."

काकू एका दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, "हेच आहे का पण नक्की?"

ते आम्हालाही माहीत नव्हतं. जीपवाला म्हणाला म्हणून आम्ही आलो होतो. काकू इतकी वाट चालून आल्या आणि पाणी भलतंच निघालं तर? "वर त्या बाईंना विचारू," मी म्हटलं.

वर आलो तर स्नेहल चुलीजवळ सरकून बसली होती, हातात चहाचा पेला. दुकानवाल्या बाईचं नाव फुलवंती. घरात ती कोरकू बोलते, आलेल्यांशी हिंदी मिसळलेली मराठी. काकूंनी तिला विचारलं, दोन वर्षांपूर्वी पावसात नागपूरचा एक मुलगा बुडाला, तो याच पाण्यात का?

"कौनसा?" तिने विचारलं. "या डोहात तीन-चार गेले, बाई."

काकूंनी स्नेहलकडे हात केला. स्नेहलने मोबाइलमधला तुषारचा फोटो काढून दिला. फुलवंतीने पदराला हात पुसले, मोबाइल उन्हापासून आडोशाला धरला आणि पाहिलं.

"हां," ती म्हणाली, आणि आपल्या हनुवटीखाली बोट लावलं. "इथं खूण होती. हाच."

"पाळण्यातून पडला होता," काकू म्हणाल्या. "लहान असताना."

मग त्या फुलवंतीसमोर जमिनीवरच बसल्या. "सांग," म्हणाल्या. "जे पाह्यलं ते सगळं सांग. मी त्याची माय आहे."

फुलवंतीने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं. मला जेवढं आठवतं तेवढं तिच्याच शब्दांत लिहिते.

"बारिश लागून होती. पोरं ओरडत वर आली. आमचे आदमी उतरले, बांबू घालून काढलं त्याले. पोट दाबलं, पलटी केलं, सगळं केलं. काही नव्हतं राहिलं. मग पोरं फोन लावायला गेली, इथं मोबाइल लागत नाही. आदमी पुलिसले आणायला गेले. त्याले खडकावर ठेवलं होतं. मी न माझी जाऊ, आम्ही दोघी त्याच्याजवळ बसलो."

"किती वेळ?"

"पुलिसची जीप आली तोवर. दिवस कलला होता."

"काहून बसल्या?"

फुलवंतीला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा काकूंकडे. "एकटं कसं ठेवणार? पाणी पडत होतं. वरून ताडपत्री धरली. कुणाचं तरी लेकरू."

काकू थोड्या पुढे सरकल्या. "डोळे?"

"उघडे होते. मी झाकले." तिने आपला उजवा तळवा पुढे केला. "असे."

काकूंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. भाजल्याचे डाग, राख, काळ्या भेगा. त्या हाताकडे बघत त्या बसून राहिल्या. रडल्या नाहीत. फुलवंतीनेही हात ओढून घेतला नाही. चुलीतलं लाकूड विझत आलं तरी दोघी तशाच होत्या.

मग काकू उठल्या. "तो खडक दाखव मले," म्हणाल्या.

या वेळी फुलवंती पुढे, काकू मागे. स्नेहल त्यांच्याकडे बघत होती. त्या बांबूंच्या आड गेल्या तशी ती एकदम उठली आणि खाली निघाली. प्रज्वल तिच्याही पुढे गेला. मी वाटेच्या निम्म्यावर थांबले. तिथून सगळं दिसत होतं.

पाण्यापासून थोडा वर एक सपाट खडक आहे. फुलवंतीने हाताने दाखवलं, डोकं इकडे होतं, पाय तिकडे. काकू खडकाशी बसल्या आणि ज्या बाजूला डोकं होतं तिथे तळवा टेकवला. स्नेहल जाऊन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मग खाली बसली. मग तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती मोठ्याने रडायला लागली. या दोन वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. काकू तिच्या केसांवरून हात फिरवत काहीतरी बोलत होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. स्नेहलने नंतर सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

प्रज्वल तेवढा वेळ पाण्याच्या काठावर उभा होता, त्यांच्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून. त्या उठेपर्यंत तो तिथून हलला नाही.

वस्तीवर

फुलवंतीने आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हिरव्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. काकू चुलीशी जाऊन बसल्या आणि अर्ध्या भाकरी त्यांनी थापल्या. फुलवंती थोडी जाड थापते, काकू पातळ. दोघी एकमेकींच्या भाकरीकडे बघत होत्या. भाजीत तेल जवळजवळ नव्हतं, मिरची भरपूर होती. भूक किती लागली होती ते पहिल्या घासाला कळलं.

वस्तीच्या कडेला एका मोठ्या झाडाखाली लाकडाच्या कोरलेल्या फळ्या उभ्या होत्या. त्यांवर चंद्र, सूर्य, घोड्यावरचा माणूस. काकूंनी विचारलं, हे काय? फुलवंतीने सांगितलं ते असं, की हे त्यांच्या गेलेल्या माणसांचे मुंडे, म्हणजे त्यांच्या नावाने कोरलेल्या फळ्या. माणूस गेला की लगेच मांडत नाहीत. सगळे नातेवाईक जमतात, मोठं कार्य होतं, तेव्हा त्याला पूर्वजांत पोचवतात. वर्ष लागतं, कधी कितीतरी वर्षं लागतात. तिच्या सासऱ्याचं अजून व्हायचं आहे.

"मग तोवर ते कुठं?" काकूंनी विचारलं.

"घरीच," फुलवंती म्हणाली. "आमच्यातच."

"आमच्यात तेराव्या दिवशी गोड करते न म्हणते, झालं, आता सावरा."

"असं कसं होईल?" फुलवंती म्हणाली. तिने ते टीका म्हणून नाही, खरोखर न कळून विचारलं.

त्यांच्या रीती मला एका दुपारीत किती कळणार? तिने सांगितलं तेवढं लिहिलं. पण काकू त्या फळ्यांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरलेला मला दिसला. कोणीतरी पहिल्यांदा त्यांना घाई नाही म्हणून सांगितलं होतं.

निघताना फुलवंती म्हणाली, "पावसात नका येऊ. तेव्हा पाणी चांगलं नसते." काकूंनी तिला मिठी मारली. आमच्याकडे बायका सहसा परक्या बाईला अशी मिठी मारत नाहीत, आणि त्यांच्याकडेही बहुधा नसाव्यात; फुलवंती आधी ताठ उभी राहिली आणि मग तिने हळूच काकूंच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवार, परत

सकाळी लॉजसमोरच्या शाळेत झेंडावंदन झालं. थंडीत कुडकुडत मुलं ओळीत उभी होती. आम्ही रस्त्यावरच उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं आणि स्टँडवर गेलो. घाट उतरताना प्रज्वलला मळमळलं आणि काकूंनी त्याला खिडकीपाशी बसवून कपाळाला पाणी लावलं. मायलेकी एका बाकावर होत्या. तुषार लहानपणी बसमध्ये कसा उलट्या करायचा, हे काकू सांगत होत्या आणि स्नेहल ऐकत होती, मध्ये काही विचारत होती. त्याचं नाव त्यांच्या घरात असं सहज घेतलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

नागपूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. गणेशपेठला काका उभे होते. त्यांनी पहिल्यांदा स्नेहलकडे बघितलं, मग काकूंकडे, मग पिशव्या घेतल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "त्याच्याजवळ एक बाई बसून होती. फुलवंती नाव आहे तिचं. पाऊस पडून राहिला होता तं तिनं न तिच्या जावेनं ताडपत्री धरली त्याच्यावर. त्याचे डोळे तिनं झाकले."

काका पिशव्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. आजूबाजूला हमालांचा, कंडक्टरांच्या शिट्ट्यांचा गोंगाट चालू होता. मला वाटलं ते आताही उठून जावं तसे निघून जातील.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "मी पुलिसच्या जीपनं पोचलो तवा ती तिथंच होती. पुरी भिजली होती. मी त्याले उचललं न गाडीत घातलं. तिच्याशी एक शब्द बोललो नाही." थांबून ते म्हणाले, "तुले सांगीन सांगीन म्हणत होतो. तोंडच उघडे ना."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन वर्षं ज्याच्यासाठी त्या झुरल्या ते यांच्यापाशी होतं. मला भीती वाटली, त्या आता काय बोलतील. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी काकांच्या हातातली एक पिशवी आपल्याकडे घेतली.

"बरी आहे का ती?" काकांनी विचारलं.

"बरी आहे," काकू म्हणाल्या.